ज्यांचे स्वतःचे बालपण धाकात गेले, अशा आईबाबांसाठी: दीड ते तीन वर्षांच्या मुलाला वाढवताना

मूल चालू लागले, घरभर धावू लागले आणि प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणू लागले, की ज्या आईबाबांचे स्वतःचे लहानपण मारात, शिव्यांत किंवा सततच्या धाकात गेले आहे, त्यांच्या मनात मोठी उलथापालथ सुरू होते. तान्ह्या बाळाला जपताना जे जाणवले नव्हते, ते या वयात एकदम अंगावर येते. संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, गॅसवर आमटी उकळत असते, आणि मूल वरणभाताची वाटी दुसऱ्यांदा जमिनीवर भिरकावते. त्या क्षणी छाती धडधडू लागते, कानशिले तापतात, हात उगारला जातो, आणि तोंडातून आपल्या वडिलांचे वाक्य त्यांच्याच स्वरात बाहेर पडते. मूल दचकून गप्प होते. ते झोपल्यावर मन खाऊ लागते, आणि ‘मीही शेवटी तसाच निघालो’ किंवा ‘मीही तशीच निघाले’ हा विचार रात्रभर डोळा लागू देत नाही.

हा लेख अशा पालकांसाठी आहे. त्यातील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच म्हणणे आहे: मन खात असते तेव्हा आपले सगळे लक्ष स्वतःच्या वाईटपणाकडे असते आणि समोरचे मूल आपल्याला दिसेनासे होते. दोन वर्षांच्या मुलाला आपल्या प्रायश्चित्ताचा काही उपयोग नसतो. भांडणानंतर आपण पुन्हा त्याच्याकडे वळलो की नाही, एवढेच त्याला कळते. म्हणून पश्चात्तापाचे रूपांतर लहानशा, त्याच दिवशी करता येईल अशा कृतीत कसे करायचे, ते इथे क्रमाने सांगितले आहे.

सुरुवात करण्याआधी मनातली एक भीती बाजूला ठेवायला हवी. ‘ज्याने मार खाल्ला तो मारणारच’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. लहानपणी मार खाल्लेली माणसे आपल्याकडे मोजकी नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसल्याचे आढळले होते. परंतु त्यातून पुढची पिढी मार खाणारच, असे ठरत नाही. अमेरिकेत जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बालपणी छळ सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के पालक तो आपल्या मुलांवर उगवतात, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे बहुतेकांनी ती साखळी तोडलेली होती. ती कशी तुटते, हे मिनेसोटातील बायरन एगलंड आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या अभ्यासात दिसते. ज्या आयांनी आपल्यावर झालेला छळ पुढे नेला नाही, त्यांना लहानपणी निदान एका मोठ्या माणसाची माया मिळाली होती, किंवा आयुष्यात कधीतरी त्यांनी मानसोपचार घेतले होते, किंवा त्यांना आधार देणारा जोडीदार लाभला होता. पहिली गोष्ट आता आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन आजही मिळवता येतात.

बालमानसतज्ज्ञ सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेले निरीक्षण याहून खोल जाते. त्यांच्याकडे आलेल्या एका तरुण आईला आपल्या बाळाचे रडणे जणू ऐकूच येत नसे. तिचे स्वतःचे रडणे कुणीतरी शांतपणे ऐकून घेतल्यानंतर ती बाळाला उचलून छातीशी धरू लागली. फ्रायबर्ग यांचे म्हणणे असे, की जे पालक घडलेल्या घटना सांगू शकतात पण त्या वेळची भीती आणि असहायता विसरून गेलेले असतात, ते त्या घटना नकळत पुन्हा घडवतात. ज्यांना तेव्हाचे दुःख दुःख म्हणून आठवते, ते आपल्या मुलाला त्यापासून वाचवतात. ‘बाबांनी पट्ट्याने मारलं, पण त्यामुळेच मी घडलो’ असे हसत सांगणाऱ्याने या निरीक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली पायरी: ट्रिगर टिपून ठेवणे

ट्रिगर म्हणजे जुनी भीती किंवा राग एकदम जागा करणारी आजची गोष्ट. ती ओळखण्यासाठी दोन आठवडे एक लहान वही ओट्यापाशी किंवा उशाशी ठेवावी. जेव्हा जेव्हा राग अनावर झाला, किंवा मन एकदम सुन्न पडले, तेव्हा त्या रात्री चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजले होते, मुलाने नेमके काय केले, आपल्या शरीरात सर्वांत आधी कुठे काय झाले, आणि त्या क्षणी आपण स्वतः किती वर्षांचे असल्यासारखे वाटले. चौथा प्रश्न विचित्र वाटेल, पण सर्वांत जास्त उलगडा त्यानेच होतो. ‘दूध सांडले, पोटात गोळा आला, सहा वर्षांची असल्यासारखे वाटले’ अशी एक ओळ लिहिली गेली, की आपली ती प्रतिक्रिया कुठल्या घरातून आणि कुठल्या सालातून आली हे समजते.

ट्रिगर नेहमी मोठा नसतो. एखाद्याला मुलाच्या किंचाळण्याची विशिष्ट पट्टी सहन होत नाही, कुणाला अन्न वाया गेलेले चालत नाही, कुणाला मुलाने तोंडावर मारले की डोळ्यांसमोर अंधारी येते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या आयांना दूध पाजताना किंवा मूल दिवसभर अंगाला चिकटून असते तेव्हा जीव गुदमरल्यासारखा होतो, आणि काही बाबांना मुलीचे लंगोट बदलण्याची, तिला अंघोळ घालण्याची विनाकारण भीती वाटते. पुष्कळांना हे ज्या वयात आपल्यावर बेतले त्या वयाला मूल पोहोचले की सुरू होते, आणि आधी सारे सुरळीत असताना एकाएकी काय झाले हे त्यांना समजत नाही. यातील कोणतीही प्रतिक्रिया मुलावरचे प्रेम कमी असल्याचा पुरावा नाही. जुना धोका पुन्हा आल्याची हाकाटी शरीर करते, आणि ती विचार सुरू होण्याच्या आधीच झालेली असते.

वहीत दोन आठवड्यांनी वेळांची पुनरावृत्ती दिसते. संध्याकाळी सहा ते साडेआठ हा काळ बहुतेक घरांत येतोच: मूल दमलेले आणि भुकेले, आपण कामावरून आलेले, स्वयंपाक अर्धवट. ज्या घटना रोज त्याच वेळी होतात त्यांवर मनोनिग्रहापेक्षा वेळापत्रकातील बदल लवकर गुण देतो. मुलाला साडेसहालाच भरवून घ्यावे, अंघोळ सकाळवर ढकलावी, त्या दोन तासांत पाहुणे आणि फोन टाळावेत, आणि शक्य असेल तर भाकऱ्या किंवा पोळ्या बाहेरून आणाव्यात.

दुसरी पायरी: या वयाच्या मुलाला काय जमते, हे जाणून घेणे

ज्यांना लहानपणी ‘मुद्दाम करतोस’ म्हणून मार बसला, त्यांना आपले मूलही मुद्दाम करते असे फार लवकर वाटते. दोन वर्षांचे मूल आपल्याला छळण्याचा बेत आखू शकत नाही. आवेग आवरण्याचे, थांबण्याचे, परिणामाचा विचार करण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो आणि त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. दोन वर्षांच्या वयात ती जेमतेम सुरू झालेली असते. ‘हात लावू नकोस’ हे त्याला समजते, पण समजले म्हणून हात थांबवता येईलच असे नाही. वाटी फेकून ती पडते कशी आणि आई काय करते, हे पाहणे त्याच्या दृष्टीने शिकणेच असते.

आदळआपट, भोकाड पसरणे, जमिनीवर लोळण घेणे हे साधारण दीड ते चार वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांत दिसते, आणि त्यातील बहुतेक प्रकार पाच मिनिटांच्या आत ओसरतात. आपल्याला ती पाच मिनिटे तासासारखी वाटतात, म्हणून एकदोनदा घड्याळ पाहून खात्री करून घ्यावी. दिवसातून अनेक वेळा, पाऊण पाऊण तास चालणारा आक्रोश, बोलणे मागे पडणे, किंवा नजरेला नजर न देणे असे काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यात आपल्या संगोपनाचा दोष शोधत बसू नये.

तिसरी पायरी: हात उगारला जातो तो क्षण

या क्षणासाठी ठरावीक क्रम हवा आणि तो शांत वेळी पाठ केलेला हवा, कारण त्या क्षणी सुचत काहीच नाही. आधी गॅस बंद करावा आणि मुलाला जिथे पडायची, भाजायची भीती नाही अशा जागी ठेवावे. मग दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरावे: ओट्याची कड, खुर्चीची पाठ, खिडकीचा गज. हात गुंतला की उगारला जात नाही, म्हणून ही कृती पहिल्यांदा येते. त्यानंतर दोन्ही तळपाय जमिनीवर दाबून श्वास सोडावा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यावा, चार अंकांत घेतला तर सहा-आठ अंकांत सोडावा, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. असे चारपाच श्वास झाले की स्वतःला मनात तीन गोष्टी सांगाव्यात: आज कोणता वार आहे, हे घर कोणते आहे, आणि समोर कोण आहे. ‘आज मंगळवार. हे माझं घर. हा माझा मुलगा आहे, दोन वर्षांचा.’ भूतकाळातून परत यायला अशी अगदी साधी, खरी वाक्येच उपयोगी पडतात.

तरीही आवरत नसेल तर खोलीबाहेर जावे. मुलाला सुरक्षित ठेवून, दार उघडे ठेवून, ‘आई पाणी पिऊन येते’ एवढे सांगून दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत जाणे हे पळून जाणे नव्हे. मूल तेवढा वेळ रडेल, रडू द्यावे. मात्र त्याला न्हाणीघरात किंवा अंधाऱ्या खोलीत कोंडू नये. वाचणाऱ्यांपैकी काहींना ती कडी बाहेरून लागल्याचा आवाज अजून आठवत असेल. ‘मी तुला सोडून निघून जाईन’, ‘पोलीस येऊन नेतील’, ‘बागुलबुवा येईल’ ही वाक्येही टाळावीत. या वयात आईबाप दृष्टीआड होण्याची भीती मुळातच मोठी असते आणि मूल अशी वाक्ये अक्षरशः खरी मानते. आणि कितीही संताप झाला तरी मुलाला दंड धरून गदागदा हलवू नये. लहान मुलाचे डोके जड आणि मान कमकुवत असते, त्यामुळे हिसक्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. विशेषतः पहिल्या दोन वर्षांत हे जिवावर बेतते.

काही पालकांना राग येतच नाही, ते सुन्न होतात. मूल ओढणी ओढत असते, ‘आई, आई’ करत असते, आणि आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटतो. लहानपणी मार चुकवता येत नव्हता तेव्हा मनाने शोधलेली ही सुटका असते. तिचा परिणाम मुलावर होतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. खेळणारी आई मध्येच चेहरा निर्विकार करून बाळाकडे नुसती पाहत राहिली, तेव्हा बाळांनी हसून, आवाज काढून तिला परत बोलवायचा प्रयत्न केला आणि ते साधले नाही तेव्हा ती मान वळवून मलूल झाली. सुन्न होणाऱ्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेत बसू नये, त्याने ती अवस्था वाढू शकते. त्याऐवजी उठून उभे राहावे, तोंडावर गार पाणी मारावे, आणि मुलाला कडेवर घेऊन खोलीतील वस्तूंची नावे मोठ्याने घेत फिरावे: हा पंखा, ही चप्पल, हा लाल चेंडू. मुलाला तो खेळ वाटतो आणि आपण जागेवर येतो.

चौथी पायरी: नंतर जोडून घेणे

मला स्वतःला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि जुन्या घरांत नेमकी हीच नव्हती. मार देऊन झाल्यावर कुणी काही बोलत नसे. रात्री ताटात एखादा जास्तीचा लाडू पडे आणि तेवढ्यावर विषय मिटे. ट्रॉनिक आणि इतरांच्या नंतरच्या निरीक्षणांत असे दिसले, की प्रेमळ आणि निरोगी जोड्यांतही आई आणि बाळ यांचा सूर निम्म्याहून बराच कमी वेळ जुळलेला असतो. तो तुटतो, पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो. मुलाचा विश्वास त्या पुन्हा जुळण्यावर उभा राहतो. म्हणून ओरडलो, धपाटा घातला, तरी त्यानंतरचा तास आपल्या हातात असतो.

आपण शांत झाल्याची खात्री झाल्यावरच मुलाजवळ जावे. खाली बसावे, म्हणजे आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील. वाक्ये चारपाच शब्दांची असावीत: ‘आई खूप जोरात ओरडली. तू घाबरलास ना? ओरडायला नको होतं. आता आई शांत झालीये.’ हात लागला असेल तर तेही स्पष्ट म्हणावे: ‘बाबाने मारलं. मारणं चूक होतं. तुला लागलं.’ आणि जो नियम होता तो तसाच ठेवावा: ‘वाटी फेकायची नाही. चल, आपण दोघं पुसू.’ दीड वर्षाच्या मुलाला यातले शब्द कमी कळतील, पण आवाजाची पट्टी, आपली बैठक आणि हातात दिलेले फडके त्याला कळते. ते जवळ आले तर घ्यावे. आले नाही तर ओढून मुका घेऊ नये, शेजारी बसून ठोकळे रचत राहावे. ते स्वतःच्या वेळेने येते.

मन खात असताना या ठिकाणी चार गोष्टी फार सहज होतात. ‘तू असं केलंस म्हणून आई ओरडली’ असे म्हणून दोष मुलावर टाकला जातो. चॉकलेट किंवा मोबाइल हातात देऊन प्रसंग मिटवला जातो. ‘आईवर रागावला नाहीस ना? आई आवडते ना तुला?’ असे पुन्हा पुन्हा विचारले जाते. किंवा आपण मुलाला कुशीत घेऊन हुंदके देत राहतो आणि ते आपले डोळे पुसू लागते. हे चौथे दृश्य बघणाऱ्याला गोड वाटते, पण त्यात मूल आपली भीती गिळून आईला सांभाळत असते. आईबापांचे चेहरे वाचून त्यानुसार वागणारे, कधीच हट्ट न करणारे मूल आपल्याकडे ‘किती शहाणं’ म्हणून वाखाणले जाते. ज्यांचे स्वतःचे बालपण असे गेले, त्यांना त्या शहाणपणाची किंमत माहीत आहे. आपले रडू खरे आहे आणि त्याला जागाही हवी, फक्त ती जोडीदाराच्या, बहिणीच्या, मैत्रिणीच्या किंवा समुपदेशकाच्या खांद्यावर असावी.

पाचवी पायरी: मन कशासाठी खाते, ते वेगळे करून पाहणे

मूल झोपल्यावर कागदावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे ज्या ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देत आहोत ती लिहावी, आणि उजवीकडे तिच्याबाबत उद्या मी काय करणार ते. ‘आज त्याला ढकललं’ याच्या समोर काहीतरी लिहिता येते: सकाळी उठल्यावर जवळ घेऊन सांगेन, संध्याकाळी लवकर भरवेन. असा अपराधीपणा उपयोगी असतो. त्याचे काम झाले की तो उतरतो. रात्री दहानंतर स्वतःवर खटला चालवू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे, कारण झोप अपुरी राहिली की दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा घडतो.

काही ओळींसमोर उजवीकडे काहीच सुचत नाही. ‘मीच वाईट होते, म्हणून बाबा मारायचे.’ ‘आईला मार बसत होता आणि मी पलंगाखाली लपून राहिलो.’ ‘धाकट्या भावाला त्या घरात सोडून मी शिकायला पुण्याला निघून आले.’ मुलाला आपले आईबाप वाईट किंवा धोकादायक आहेत हे मान्य करणे परवडत नाही, कारण जगणे त्यांच्यावरच अवलंबून असते. त्यापेक्षा ‘मी वाईट आहे’ हे मानणे त्याला सोपे जाते. मी सुधारलो तर मार थांबेल, अशी आशा तरी त्यात असते. तो दोष तेव्हाच्या मोठ्या माणसांचा होता. आपल्या मुलाकडे पाहून ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी एरवी दिसत नाही. दोन-तीन वर्षांच्या देहाचा आकार समोर असतो, आणि एवढ्याशा जिवाने कुणाला वाचवायला हवे होते असे आपण कधीही म्हणणार नाही.

यावर मनात लगेच एक प्रश्न उभा राहतो: आईवडिलांनी आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, मग त्यांच्याबद्दल असे कसे बोलायचे? दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. वडिलांनी गिरणीत दोन पाळ्या करून फी भरली, हे खरे आणि त्यांनी पट्ट्याने मारले, हेही खरे. एक मान्य करण्यासाठी दुसरे पुसावे लागत नाही. त्यांचा आदर ठेवूनही ‘ते मारणे चूक होते’ असे म्हणता येते, आणि हे वाक्य एकदा तरी मोठ्याने उच्चारावे.

तिसऱ्या प्रकारचा अपराधीपणा गेलेल्या महिन्यांबद्दल असतो. बाळंतपणानंतर कित्येक आठवडे बाळाबद्दल काहीच वाटले नाही, त्याला उचलावेसे वाटले नाही, किंवा नवरा-बायकोची भांडणे त्याच्यासमोर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे पाचपैकी एका स्त्रीला मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. तो आजार होता, आणि लहानपणी छळ सोसलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. ते महिने परत येणार नाहीत, पण मुलाचे नाते एखाद्या ठरावीक महिन्यात बंद होत नाही. रोज पंधरावीस मिनिटे, फोन दूर ठेवून, मूल जे खेळेल तेच खेळायचे आणि आपण काही शिकवायचे नाही, एवढा नेम केला तर काही आठवड्यांत फरक जाणवतो.

याच अपराधीपणाचे आणखी एक रूप सहसा ओळखू येत नाही. आपल्यासारखे मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून काही पालक त्याला कशालाच ‘नाही’ म्हणत नाहीत. जेवण मोबाइलशिवाय होत नाही, झोपेची वेळ अकरावर जाते, आणि मग एखाद्या दिवशी सहनशक्ती संपून स्फोट होतो. मुलाला सीमा हवी असते, ती शांत आवाजात सांगितलेली हवी असते. त्या सीमेवर ते रडले म्हणजे आपण क्रूर झालो असे नाही. दिवसाला दोनतीन नियम पुरेत: रस्त्यावर हात सोडायचा नाही, मारायचे नाही, गॅसपाशी यायचे नाही. हे नियम रोज तेच राहू द्यावेत.

सहावी पायरी: घरातील मोठी माणसे

ज्या हातांनी आपल्याला मारले, तेच हात आज नातवाला खांद्यावर बसवून गणपती दाखवायला नेतात. हे पाहताना आनंद होतो, आणि त्याच वेळी ‘माझ्याशी असं कधी का वागले नाहीत’ अशी कळ येते. या कळीची लाज वाटून घेऊ नये. ती मुलाचा मत्सर नसते, स्वतःला जे मिळाले नाही त्याचे दुःख असते.

पण नियम स्पष्ट हवा, आणि तो प्रसंग घडत असताना न सांगता शांत वेळी, चहा घेताना सांगावा. ‘बाबा, त्याच्यावर हात उगारलेला आम्हाला चालणार नाही. त्याने काही फोडलं, सांडलं तर आम्हाला हाक मारा.’ आपापल्या आईवडिलांशी ज्याने त्याने बोलावे. सुनेच्या तोंडून हे वाक्य आले की त्याचा विषय भलतीकडेच जातो. ‘आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ असे उत्तर येईल. त्यावर वाद घालत बसण्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शिक्षकांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींची मनाई केली आहे. जे परक्या मास्तरांना चालत नाही ते घरातही नको, एवढे सांगणे पुरते. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा हे आणखी आधी बोलावे. स्वीडनमध्ये १९७९ पासून, स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून घरातही मुलाला मारणे कायद्याने मना आहे.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र समजूत घालणे, संधी देणे, ‘आता ते म्हातारे झाले’ असे म्हणणे यांपैकी काहीही मान्य करू नये. ज्याने लहानपणी आपल्याला त्रास दिला, त्या व्यक्तीच्या ताब्यात मूल एक मिनिटही एकटे राहता कामा नये, मग ती व्यक्ती नात्याने कुणीही असो आणि लग्नकार्यात त्यावरून कितीही बोलणी खावी लागोत. मुलाबाबत काही संशय आला तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांकही आहे.

जोडीदाराला सगळा तपशील सांगण्याची सक्ती नाही. ‘लहानपणी घरी खूप मारहाण होती, त्यामुळे त्याचं किंचाळणं मला सहन होत नाही’ इतके सांगितले तरी तो मदत करू शकतो. दोघांनी मिळून एक शब्द ठरवावा. तो उच्चारला की दुसऱ्याने हातातले काम टाकून, काहीही न विचारता मुलाला घ्यायचे. कोण चुकले याची चर्चा मूल झोपल्यावर करायची. ज्या घरात आज, आत्ता जोडीदाराकडूनच मारहाण होते आहे, तिथे हे उपाय लागू नाहीत. तिथे आधी सुरक्षितता हवी; महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते.

सातवी पायरी: उपचार

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज दुःस्वप्ने पडत असतील, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, मुलाला स्पर्श करणे टाळले जात असेल, तासन्‌तास सुन्नपणा राहत असेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, किंवा मुलाच्या अंगावर वळ उठेल असा मार एकदाही बसला असेल, तर एकट्याने झगडू नये. स्वतःला किंवा मुलाला संपवावे असे वाटत असेल, तर त्या क्षणी मुलासोबत एकटे राहू नये. शेजाऱ्यांना हाक मारावी आणि ११२ वर फोन करावा. याउलट, ‘माझ्या हातून बाळाला काही होईल’ असे नकोसे विचार मनात घुसतात आणि त्यांनीच घाबरायला होते, हा चिंतेचा एक ओळखीचा प्रकार आहे. तो डॉक्टरांना जसाच्या तसा सांगावा. असे सांगणाऱ्याला ते गुन्हेगार समजत नाहीत.

पहिला फोन करायला सर्वांत सोपा क्रमांक १४४१६, म्हणजे केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. समुपदेशक निवडताना ‘आघातावर (ट्रॉमावर) काम करण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे का’ असे थेट विचारावे. प्रौढांच्या आघातोत्तर त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दोन पद्धतींची शिफारस केली: आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार, आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धत. पहिल्याच भेटीत सगळी कहाणी सांगण्याचा आग्रह कुणी धरला, तर ‘मला थोडं थांबून सांगायचं आहे’ असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अंगावर पाजत असाल तर औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. पाजताना घेता येतील अशी औषधे आहेत, आणि बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. भेटीच्या दिवशी मुलाला कुणाकडे ठेवायचे ते आदल्या रात्रीच ठरवावे आणि सत्र संपल्यावर लगेच घरी न परतता अर्धा तास मोकळा ठेवावा, कारण नुकतेच उघडे पडलेले मन घेऊन दारात धावत आलेल्या मुलाला उचलणे पहिल्या काही आठवड्यांत जड जाते.